पहिला उकार

एकतीस वर्षं बाबांनी दुसऱ्यांच्या चुका काढल्या,
अप्पा बळवंत चौकामागे, एका छापखान्याच्या पोटमाळ्यावर,
पानाला साडेतीन रुपये.
दिवाळी अंक, लग्नपत्रिका, दहावीची गाइडं,
एकदा एका पुढाऱ्याचं आत्मचरित्र.
त्यात चुका फक्त व्याकरणाच्या काढायच्या होत्या,
असं ते हसत सांगायचे.

विम्याचा फॉर्म भरायला ढमढेरे आले
तेव्हा आई चहात आलं किसत होती.
प्रश्न अकरावा: मधुमेह आहे का?
ढमढेऱ्यांनी पेन पुढे केलं.
"नाही लिहा, काका. होय लिहिलंत तर हप्ता कुठल्या कुठे जाईल.
शिवाय काकूंच्या गुडघ्यांचंही बघायचंय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.
मी मार्केट यार्डात भुसाराच्या गाळ्यावर हिशेब लिहिते.
महिनाअखेर माझ्या हातात काय उरतं
ते त्यांना पैशापैशानं ठाऊक होतं.
मी खिडकीबाहेर बघत राहिले.
समोरच्या गच्चीवर कुणाच्या तरी कुरडया वाळत होत्या.
वळले तोवर त्यांनी लिहून टाकलं होतं:
नाही.
अक्षर नेहमीसारखं, वळणदार.
वेलांटी दुसरी, बिनचूक.

त्या रात्री आईनं फ्रिजमधलं इन्सुलिन
कोथिंबिरीच्या डब्यामागे सरकवलं,
जसे काही ढमढेरे तपासायला येणार होते.

चौदा महिन्यांनी, स्ट्रेचरवरून आत नेताना
बाबांचा एक हात छातीवर,
दुसऱ्याचं बोट दारावरच्या पाटीकडे.
मला वाटलं, पाणी हवंय.
वाकले, तर म्हणाले,
"रुग्णालय. रु पहिला."

आत नर्सनं विचारलं, शुगर किती वर्षं?
मी गप्प.
मास्कच्या आतून बाबाच म्हणाले, "अकरा."
डॉक्टरला खोटं सांगू नये एवढं आम्हालाही कळत होतं.
ते अकरा केसपेपरवर गेलं,
केसपेपरवरून कॅशलेसच्या खिडकीत,
खिडकीतून कुठल्याशा शहरातल्या कुठल्याशा टेबलावर.
मी मात्र टोकन हातात धरून
त्या खिडकीसमोर तीन दिवस.
आतली मुलगी चांगली होती. दर वेळी म्हणायची,
"मॅडम, प्रोसेसमध्ये आहे."

दोन लाख शहाऐंशी हजार चारशे.
आईच्या पाटल्या, पतसंस्थेचं कर्ज, माझी भिशी,
आणि शेजारच्या निंबाळकरबाईंनी
न मागता दिलेले वीस हजार.
भिशीचं काही वाटत नाही,
पण ते वीस हजार आई अजून झोपेत मोजते.

घरी आल्यावर बाबा गोळ्या ब्लेडनं अर्ध्या करू लागले.
मी विचारलं, डॉक्टरांनी सांगितलं का?
म्हणाले, "संक्षिप्त आवृत्ती."
मी हसले. हसायला नको होतं.

मग पत्र आलं.
इंग्रजीत, सोबत मराठी प्रत.
बाबांनी लाल पेन मागितलं, चष्मा पुसला,
आणि बसले तसेच, जुन्या सवयीनं, पायाची घडी घालून.
आडनावातला 'ण' त्यांनी 'न' केला होता, तो सुधारला.
'आपला विश्वासू'च्या पुढे स्वल्पविराम दिला.
मग ती ओळ आली:
'विमाधारकाने हेतूपुरस्सर माहिती दडवली.'
'तू'वर पेन थांबलं.
समासात रेखून त्यांनी लिहिलं, 'तु', पहिला.

मला वाटलं, आता सगळी ओळच कापतील.
समोर लिहितील काहीतरी,
हप्त्याचा आकडा, गुडघे, माझा पगार,
चहाचा कप खाली ठेवत ढमढेरे म्हणाले होते ते.

त्यांनी ओळीखाली बारीक ठिपके दिले,
पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत,
एकही न चुकवता.

मी प्रूफवाचकाची मुलगी.
खाली ठिपके दिले की खोडायचं नसतं,
आहे तसं राहू द्यायचं असतं,
हे मला शाळेच्या आधीपासून माहीत आहे.